चळवळ जाहीर करण्याआधी करायची तयारी

फलक रंगवायच्या आधी काम एकच ठरवा. ‘पर्यावरण वाचवू या’ ही इच्छा झाली. वस्तीतला ओला कचरा वस्तीतच जिरवायचा, हे काम. सुरुवात यापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. यात प्रत्येक घराचा हात लागतो आणि काही महिन्यांत खत डोळ्यांना दिसतं.

सभेची घाई नको, आधी घरोघरी जा. दारात उभं राहून विचारलं की खरी अडचण कळते: दुसरा डबा ठेवायला जागा नाही, कचरा द्यायची वेळ कामावर निघण्याच्या वेळेला आडवी येते. आणि जे लोक आज कचरा उचलतात त्यांना सगळ्यांच्या आधी विचारा. त्यांच्या पोटावर पाय येणार असेल, तर आधी आखणी बदला.

पहिला आठवडा नुसतं वजन करून वहीत लिहा. सुरुवातीचा आकडा नसेल तर पुढे काय बदललं, कशावरून सांगणार? याच दिवसांत सुका पालापाचोळा पोत्यांत भरून ठेवा. खतासाठी ओला कचरा आणि पाचोळा मिसळायचा असतो. या मिश्रणात कार्बन हा नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट लागतो आणि तो येतो पाचोळ्यातून. पाचोळा कमी पडला की ढीग चिकट होतो, आत हवा खेळत नाही, वास सुटतो, मग शेजारी पाठ फिरवतात. परीक्षा सोपी आहे: मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर पाचोळा घाला, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

नियम सगळ्यांनी बसून करा. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामाईक जंगलं, मासेमारी, पाटपाणी लोक मिळून कसं सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. जिथे वापरणारेच नियम ठरवतात, लक्षही तेच ठेवतात आणि चुकीला शिक्षा सौम्यपणे सुरू होते, तिथली व्यवस्था टिकते, असं त्यांना दिसलं. म्हणून पहिल्या चुकीला दंड लावू नका, शेजाऱ्याने जाऊन बोलावं. भांडण झालं तर कोणी ऐकून घ्यायचं, तेही आत्ताच, सगळे गोडीत असताना ठरवा.

प्रत्येक कामापुढे दोन नावं हवीत, मुदतीसह. एकच उत्साही माणूस सगळं ओढत राहिला की तो थकतो, आणि त्याच्याबरोबर कामही बसतं. पैशांवर दोघांच्या सह्या, हिशेब दर महिन्याला भिंतीवर.

मोजायचं काय, हेही ठरवा. वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात सुरू केलेल्या वृक्षचळवळीत बायकांना जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळत. तुम्हीही उद्घाटनाची गर्दी मोजू नका. तीन महिन्यांनंतर किती घरं कचरा वेगळा करून देतात, ते मोजा.

पहिल्या दिवसासाठी हातमोजे, फावडं, झारी, वजनकाटा आणि वही लागेल. शिवाय पुढच्या दोन महिन्यांच्या पाळ्यांचा तक्ता, ज्यांची नावं आहेत त्यांना विचारून भरलेला.