अडल्ट डायपर्ससाठी प्रायर ऑथरायझेशन: या चुका टाळा

अमेरिकेत घरात वयस्कर माणूस किंवा अपंग मूल असेल आणि दिवसाला पाच-सहा डायपर्स लागत असतील, तर तो खर्च मेडिकेडकडून, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, मिळू शकतो. मात्र बहुतेक वेळा माल घरी येण्याआधी विमा प्लॅनची मंजुरी घ्यावी लागते. हेच प्रायर ऑथरायझेशन, बोलताना नुसतं ‘प्रायर ऑथ’. माझ्या सासऱ्यांसाठी, अप्पांसाठी, केलेला आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला. पत्रात कारण होतं: वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. अप्पांना पार्किन्सन आहे, पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जायला त्यांना पाच मिनिटं लागतात. मी खूप चिडले. मग पेशंट पोर्टलवर जाऊन डॉक्टरांनी अप्पांच्या व्हिजिटबद्दल लिहिलेली नोट उघडली.

नोटमध्ये एक ओळ होती: पेशंटची लघवीबाबत तक्रार नाही. आणि त्याच नोटच्या शेवटी डायपर्सची ऑर्डर. प्लॅनच्या माणसाने ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली असतील, तर त्याने दुसरं काय करायचं?

तपासणीच्या खोलीत गप्प बसणं

झालं होतं ते असं. डॉक्टरांनी विचारलं, ‘एनी प्रॉब्लेम्स?’ शेजारी सून बसलेली. अप्पा म्हणाले, ‘नो, ऑल ओके.’ त्याच दिवशी पहाटे मी त्यांची चादर दोनदा बदलली होती. त्यांना लाज वाटली, आणि त्यांच्यासमोर विषय कसा काढायचा म्हणून मीही बोलले नाही. डॉक्टरांनी जे ऐकलं ते लिहिलं.

आपल्या घरांमध्ये ही चूक सगळ्यात जास्त होते असं मला ठामपणे वाटतं, आणि फॉर्ममधल्या सगळ्या चुकांपेक्षा ती महाग पडते. कारण प्लॅन माणसाला पाहत नाही, नोट पाहतो. उपाय साधा आहे. व्हिजिटच्या दोन-तीन दिवस आधी पोर्टलवरून डॉक्टरांना मेसेज करा: त्रास कधीपासून आहे, दिवसा-रात्री किती वेळा कपडे किंवा चादर भिजते, शौचावरही ताबा जातो का, त्वचेवर लाली किंवा फोड आलेत का, ठरावीक वेळेला बाथरूमला नेणं किंवा औषधं असं काय काय करून पाहिलं. मग खोलीत अप्पांच्या तोंडून काही वदवून घ्यावं लागत नाही. पुढच्या वेळी आमच्याकडे माझे मिस्टर त्यांच्याबरोबर गेले. मुलासमोर ते मोकळेपणाने बोलले.

नोट आधीच चुकीची लिहिली गेली असेल तरी सगळं संपत नाही. डॉक्टर त्याच नोटला पुरवणी जोडू शकतात, तिला अ‍ॅडेंडम म्हणतात. पण व्हिजिट जुनी झाली असेल तर नवी घ्या. गेल्या सहा महिन्यांतली भेट बऱ्याच ठिकाणी मागतात.

‘गरजेनुसार’ लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन

आमच्या पहिल्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिलं होतं, ‘डायपर्स, अ‍ॅज नीडेड’. याला मंजुरी मिळणं अवघडच, कारण प्लॅन महिन्याचे नग मंजूर करतो. दिवसाला 6 लागत असतील तर 30 दिवसांचे 180, हे प्रिस्क्रिप्शन, नोट आणि सप्लायरचा (डायपर्स घरी पाठवणाऱ्या कंपनीचा) फॉर्म या तिन्हींवर सारखं हवं. एकीकडे 180 आणि दुसरीकडे 200 दिसले की कागद परत येतो.

हा आकडा अंदाजाने सांगू नका. मी फ्रिजवर एक कागद लावला आणि आठवडाभर प्रत्येक बदलाची वेळ टिपली: पहाटे 4:10, चादरही भिजली, 7:30, 11:00, जेवणानंतर शौच. तेव्हा कळलं की मी ‘चार-पाच’ म्हणत होते आणि प्रत्यक्षात सहा लागत होते, कधी सात. त्या कागदाचा फोटो डॉक्टरांच्या ऑफिसने अर्जासोबत जोडला. राज्याची महिन्याची मर्यादा असते आणि तुमची गरज तिच्यापेक्षा जास्त असू शकते. अशा वेळी हीच नोंद जास्तीच्या नगांचं कारण दाखवते. कॅलिफोर्नियात मर्यादा पैशांत आहे: मेडी-कॅलमध्ये (तिथलं मेडिकेड) माणशी महिना 165 डॉलर्स, त्यापुढे वेगळी मंजुरी लागते.

फक्त लक्षणाचा कोड

आर 32 हा निदानाचा कोड म्हणजे लघवीवर ताबा नसणं, प्रकार न सांगता. ते लक्षण झालं. ते कशामुळे, हे बहुतेक प्लॅन्सना वेगळ्या कोडने हवं असतं: पार्किन्सन, स्ट्रोकनंतरचे परिणाम, डिमेन्शिया, सेरेब्रल पाल्सी, स्पायना बिफिडा, जे असेल ते. शौचावरही ताबा नसेल तर त्याचा कोड निराळा, आर 15 ने सुरू होणारा, आणि तो लाजेपोटी गाळला जातो. कोड घालणं डॉक्टरांच्या ऑफिसचं काम आहे, पण फॅक्स जाण्याआधी ‘कारणाचा कोड घातलाय का’ एवढं फोनवर विचारायला दोन मिनिटं लागतात.

साइज आणि प्रकार हलक्यात घेणं

टेपचे ब्रीफ आणि पँटसारखे वर ओढायचे पुल-अप यांचे बिलिंग कोड वेगळे आहेत. इतकंच नाही, साइजचेही वेगळे: मोठ्यांचा मीडियम ब्रीफ टी 4522, लार्ज टी 4523. म्हणजे मंजुरी मीडियमची असताना ‘या महिन्यात लार्ज पाठवा’ म्हटलं तर सप्लायर पाठवू शकत नाही, नवे कागद लागतात. कंबर आणि नितंब दोन्ही टेपने मोजा आणि मोठा आकडा धरा. पँटच्या साइजवरून ठरवू नका. आधी सप्लायरकडून नमुने मागवा आणि रात्रभर वापरून पाहा. बेडवर अंथरायचे अंडरपॅड हवे असतील तर ते त्याच अर्जात मागा.

चुकीच्या दाराशी जाणं

ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांपुढच्यांसाठीचा केंद्र सरकारचा विमा, डायपर्स आणि पॅड देत नाही. अप्पांकडे मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही आहे, म्हणून आम्ही आधी मेडिकेअरच्या फोनवर तासन् तास घालवले. मेडिकेअरचा पार्ट बी हा भाग कॅथेटरचे (लघवीच्या नळीचे) पैसे देतो, त्यावरून डायपर्सचेही देत असेल असं लोकांना वाटतं. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या (खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरच्या) काही प्लॅन्समध्ये दुकानातून वस्तू घ्यायला भत्ता मिळतो, तेवढं तपासा.

सप्लायर तुमच्या मेडिकेड प्लॅनच्या नेटवर्कमधलाच हवा. आणि मंजुरी येईल या भरवशावर स्वतः दुकानातून आणून पावत्या जमवू नका. ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

लहान मुलांसाठी वयाची अट असते, कारण त्या वयापर्यंत सगळ्याच मुलांना डायपर लागतं असं धरतात. टेक्सासमध्ये 4 वर्षं, कॅलिफोर्नियात 5. पुढे 21 वर्षांखालच्या मुलांना ईपीएसडीटी नावाच्या केंद्रीय नियमाचं बळ आहे: वैद्यकीय गरज दाखवली तर मेडिकेडला द्यावंच लागतं. अर्जात हे नाव जरूर लिहा.

नुसती वाट पाहत बसणं

2026 पासून मेडिकेडच्या मॅनेज्ड केअर प्लॅन्सना (राज्याच्या वतीने मेडिकेड चालवणाऱ्या विमा प्लॅन्सना) नेहमीच्या अर्जाचं उत्तर 7 दिवसांत आणि तातडीच्या अर्जाचं 72 तासांत द्यायचं आहे. नकार दिला तर नेमकं कारण सांगायचं आहे. पण माहिती अपुरी असेल तर प्लॅन आणखी 14 दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतो. म्हणून आठव्या दिवशी फोन करा आणि ‘पेंडिंग’ एवढ्यावर फोन ठेवू नका. नेमका कोणता कागद कमी आहे, तो डॉक्टरांकडे अडकलाय की सप्लायरकडे, हे विचारा. आमच्या बाबतीत सप्लायरचा फॅक्स डॉक्टरांच्या जुन्या नंबरवर जात होता आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत होते. रेफरन्स नंबर, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

नकाराचं पत्र बाजूला ठेवणं

पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत प्लॅनकडे अपील करता येतं. तिथेही नकार आला तर राज्याकडे फेअर हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागता येतं. कागदांतली चूक असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अनेकदा दुरुस्त नोटसह नवा अर्ज लवकर निघतो. आमचा तसाच निघाला. तरी अपीलची मुदत हातची जाऊ देऊ नका.

आधीच मिळत असलेला पुरवठा कमी केला किंवा थांबवला असेल, तर मात्र 60 नव्हे, 10 दिवस लक्षात ठेवा. आधीच्या मंजुरीची मुदत संपलेली नसेल आणि तेवढ्यात अपील करून ‘निकाल लागेपर्यंत पुरवठा चालू ठेवा’ असं लेखी मागितलं, तर तो चालू राहू शकतो. निकाल विरुद्ध गेला तर प्लॅन ते पैसे मागू शकतो, हेही आधी विचारून घ्या.

मंजुरीला शेवटची तारीख असते, बहुधा सहा महिने किंवा वर्ष. आमची संपायच्या 45 दिवस आधीचा अलार्म माझ्या फोनवर आहे. तो वाजला की फ्रिजवर पुन्हा आठवड्याचा कागद लागतो. आता अप्पा स्वतःच विचारतात, ‘पहाटेचं लिहिलंस ना?’