जुने बिलिंग नव्या ड्रायव्हरवर नेताना

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या किराणा पेढीचे पीएचपी ५.३ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीवरचे बिलिंग नव्या सर्व्हरवर न्यायचे असेल, तर एसक्यूएलच्या (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नांच्या) ओळी जशाच्या तशा राहतात आणि तरीही उत्तरे बदलू शकतात. कारण २०१२ मध्ये आलेल्या पीएचपी ५.४ पासून मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारा डीफॉल्ट ड्रायव्हर लिबमायएसक्यूएलक्लायंट न राहता मायएसक्यूएलएनडी झाला. दोन्ही सर्व्हरांवर पीएचपीइन्फोमधली (पीएचपीची मांडणी दाखवणाऱ्या पानावरची) 'क्लायंट एपीआय व्हर्जन' ही ओळ आधी पाहा, कोणता ड्रायव्हर आहे ते तिथे कळते.

लॉगिन अडले तर ते लगेच कळते. वापरकर्त्याच्या पासवर्डचा हॅश (डेटाबेसात साठवलेले त्याचे सांकेतिक रूप) १६ अक्षरी, म्हणजे जुन्या पद्धतीचा असेल, तर नवा ड्रायव्हर जोडणीच नाकारतो. मायएसक्यूएलची ओल्ड_पासवर्ड्स ही सेटिंग शून्य करून पासवर्ड पुन्हा ठेवा. हॅश ४१ अक्षरी आणि ताऱ्याने सुरू होणारा दिसला पाहिजे.

खरी भीती आहे ती गुपचूप बदलणाऱ्या टाइपची, म्हणजे किंमत आकडा म्हणून येते की स्ट्रिंग (मजकूर) म्हणून याची. पीडीओमध्ये (पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीच्या सोयीत) इम्युलेशन, म्हणजे क्वेरीत किमती भरण्याचे काम सर्व्हरऐवजी पीडीओनेच करणे, बंद असेल, तर जुना ड्रायव्हर पूर्णांकाचा रकाना स्ट्रिंग म्हणून देत असे, नवा आकडा म्हणून देतो. (इम्युलेशन चालू असले तरी पीएचपी ८.१ पासून हेच होते.) आता समजा 'उधारी' रकान्यात १ आहे आणि कोडने तो तीन बरोबर-चिन्हांनी (टाइपही सारखा हवा अशा तुलनेने) अवतरणातल्या '१'शी ताडून पाहिला आहे. अट खोटी ठरते, उधारीचे बिल रोखीचे म्हणून छापले जाते आणि एररही येत नाही. डेसिमल (दशांश) रकाने स्ट्रिंगच राहतात, म्हणून रकमा बरोबर दिसतात आणि चूक आणखी लपते.

यासाठी एकाच डेटाबेसच्या दोन प्रती घ्या, एक जुन्या सर्व्हरवर आणि एक नव्या. प्रत्येक महत्त्वाची क्वेरी दोन्हीकडे चालवून व्हार_डम्पचे (किंमत टाइपसकट दाखवणाऱ्या फंक्शनचे) निकाल फाइलींत साठवा आणि त्यांचा डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढा. नुसती किंमत छापणाऱ्या एकोवर विसंबू नका, त्यात टाइप दिसत नाही. कोड दुरुस्त होईपर्यंत पीडीओचे स्ट्रिंगिफाय फेचेस (आकडेही स्ट्रिंग म्हणून देणारी सेटिंग) चालू ठेवा.

कॅरेक्टर सेट (अक्षरांची सांकेतिक पद्धत) जोडणीच्या कोडमध्येच लिहा, कारण नवा ड्रायव्हर माय.सीएनएफ ही मायएसक्यूएलची सेटिंगची फाइल वाचत नाही. मार्चअखेरच्या खतावणीसारखा मोठा अहवालही चालवून पाहा. नव्या ड्रायव्हरमध्ये निकालाच्या ओळी पीएचपीच्या मेमरी_लिमिटमध्ये (मेमरी वापराच्या मर्यादेत) धरल्या जातात, त्यामुळे तो मध्येच थांबू शकतो. तिथे अनबफर्ड (सगळा निकाल एकदम मेमरीत न आणणारी) क्वेरी वापरा, पण सगळ्या ओळी वाचून झाल्याशिवाय त्याच जोडणीवर दुसरी क्वेरी पाठवू नका.