बिल थकलं म्हणून कंत्राट संपवायचं, तर कोणत्या क्रमाने?

‘पैसे नाहीत, काम बंद’ असं व्हॉट्सॲपवर टाकून मजूर हलवले की प्रकरण तिथेच बिघडतं. मालक ‘कंत्राटदार साइट सोडून गेला’ अशी नोटीस काढतो, तुम्ही हमी म्हणून दिलेली बँक गॅरंटी वटवतो आणि उरलेलं काम तुमच्या खर्चाने दुसऱ्याला देतो. पैसे त्याने थकवले, कसूरदार मात्र तुम्ही ठरता.

आधी आकडा पक्का करा. आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) दिलं म्हणजे रक्कम देय झाली असं नाही. आर्किटेक्टने किंवा पीएमसीने (मालकाच्या प्रकल्प सल्लागाराने) ते प्रमाणित केलं का, मुदत कधी उलटली, हे पाहा. टीडीएस, रिटेन्शन (मालकाने काम नीट होईपर्यंत राखून ठेवलेली रक्कम) आणि मोबिलायझेशन ॲडव्हान्सची (काम सुरू करायला घेतलेल्या उचलीची) कपात वजा करून बाकी काढा. रिटेन्शनची रक्कम थकबाकीत घुसडली की मालकाला आयतं उत्तर मिळतं.

मग कलम शोधा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९च्या नमुना करारात (‘लाल पुस्तक’) इंजिनिअरला स्टेटमेंट, म्हणजे बिलाचा हिशेब, मिळाल्यापासून ५६ दिवसांत पैसे यायला हवेत. न आल्यास २१ दिवसांच्या नोटिशीने काम थांबवता येतं. मुदतीनंतर आणखी ४२ दिवस गेले, की १४ दिवसांच्या नोटिशीने कंत्राट संपवता येतं. खाजगी वर्क ऑर्डरमध्ये असं कलम बहुधा नसतंच. तिथे आधार भारतीय करार कायदा, १८७२चं कलम ३९, आणि त्यासाठी समोरच्याने करार पाळायलाच नकार दिलेला दिसावा लागतो. एक बिल उशिरा आलं, एवढ्यावर ते भागत नाही. म्हणून बिल क्रमांक, बाकी आणि शेवटची तारीख घालून नोटीस द्या. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, शिवाय ईमेलने. ती तारीख टळल्यावर ‘एवढा एक स्लॅब टाकून देऊ’ म्हणू नका. वागण्यातून करार चालू ठेवलात, तर हेच कलम तुमच्या विरोधात जातं.

साइट सोडण्याआधी संयुक्त मोजमापाची तारीख लेखी कळवा. कोणी आलं नाही तर तटस्थ इंजिनिअरकडून मोजून घ्या. स्लॅबमध्ये गाडलं गेलेलं स्टील नंतर दिसत नाही; त्यासाठी बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांचा तक्ता) आणि पोअर कार्डच्या (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदाच्या) सह्या केलेल्या प्रती हव्यात. उरलेल्या सळ्या व्यासानुसार रचून फोटो काढा. शटरिंग तुमचं असलं, तरी रागाच्या भरात टेकू काढू नका: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ते किमान इतके दिवस ठेवावे लागतात: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस, सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस.

बँक गॅरंटी वटवणं न्यायालय सहसा थांबवत नाही; फसवणूक किंवा भरून न निघणारं नुकसान दाखवावं लागतं. त्यामुळे कंत्राट संपवल्याची नोटीस देण्याआधीच वकिलाला भेटा. ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीवरही विसंबू नका: वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट) लघुउद्योगांच्या एमएसएमई कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. करारात लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम २१ची, म्हणजे लवाद सुरू करण्याची, नोटीस पाठवा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि मालकाशी चाललेल्या तोंडी बोलण्यांनी ती वाढत नाही.