मनिलात सिलोग खायला बसताय? मग हे वाचून जा

मनिलात ऑफिसच्या कामाने येणारे आपले बरेच लोक आठवडाभर हॉटेलच्या बुफेतला टोस्ट-ऑम्लेट खाऊन परत जातात, मला खरंच वाईट वाटतं हो, कारण इथला नाश्ता म्हणजे गरमागरम लसणाचा भात, वर अंडं आणि सोबत काहीतरी चमचमीत, आणि तो दुपारी चारला मागा नाहीतर रात्री दहाला, मिळतो. मकाती, बीजीसी (बोनिफासिओ ग्लोबल सिटी), केझोन सिटी, मनिलाच्या या भागांत कुठेही ऑल-डे ब्रेकफास्ट लिहिलेली नव्या पद्धतीची हॉटेलं दिसतील, घरचंच फिलिपिनो जेवण पण जरा नटवून देणारी. तिथे पहिल्यांदा गेलात तर काय करायचं ते सांगते.

आधी मेनू वाचायला शिका. सगळ्या नावांच्या शेवटी 'सिलोग' दिसेल. सिनांगाग म्हणजे लसूण घालून परतलेला भात, इतलोग म्हणजे अंडं, दोघांचे तुकडे जोडले की सिलोग. त्याच्या आधी जे लावलंय ते सोबतचं मटण, म्हणजे कुठलंही मांस, किंवा मासा. तापा म्हणजे सोया सॉस, लसूण आणि कालामान्सी या इथल्या छोट्या लिंबाच्या रसात मुरवलेलं बीफ, त्याचं तापसिलोग. तोसिनो म्हणजे गोडसर लालचुटुक पोर्क, त्याचं तोसिलोग. लोंगानिसा म्हणजे इथलं सॉसेज, त्याचं लोंगसिलोग. बांगुस माशाचं बांगसिलोग. स्पॅम म्हणजे डब्यातलं शिजवलेलं पोर्क, त्याचं स्पॅमसिलोग, हे स्पॅम दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन सैन्याबरोबर आलं आणि इथलंच होऊन गेलं. एवढं कळलं की अर्धा मेनू वाचून झाला.

सिनांगाग म्हणजे आपला फोडणीचा भातच समजा. रात्रीचा उरलेला गार भात, कारण ताजा भात परतला की गिचका होतो, शिळ्याचे दाणे सुटे राहतात, हे आपल्या आईला जसं माहीत तसंच इथल्या आईलाही. हळद-मोहरी नाही, फक्त भरपूर लसूण नि मीठ. 'अनली राइस' लिहिलं असेल तर भात हवा तेवढा.

पहिल्यांदा जाताय आणि बीफ चालत असेल तर तापसिलोगच मागवा. बीफ-पोर्क नको असेल तर सरळ बांगसिलोग, मासा उभा चिरून, व्हिनेगर-लसणात मुरवून तळलेला असतो, कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला आवडेल, फक्त काटे काढलेला आहे ना ते विचारून घ्या. लोंगानिसा मागवताना कुठली ते विचारा, कारण विगनची लसणाची आणि आंबट-खारट, लुकबानची लसूण आणि ओरेगानोवाली, पांपांगाकडची गोड. मला विगनची आवडते, गोड सॉसेज आणि भात हे मला अजून जमलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताटाबरोबर एका छोट्या वाटीत पांढरट किंवा तपकिरी पाणी येईल, त्यात लसूण, कांदा, मिरची तरंगत असेल. ते बाजूला सारू नका. त्याचं नाव सुका, म्हणजे आपलं सुकं नाही हं, सुका म्हणजे व्हिनेगर, उसाचं नाहीतर नारळाचं. तळलेलं मटण, अंड्याचा बलक आणि तेलातला भात, हे सगळं जड असतं, त्याला हा आंबटपणा कापतो. वरणभातावर लिंबू पिळल्याशिवाय जसं काहीतरी राहिलंय असं वाटतं तसंच हे आहे. शेजारी कच्च्या पपईचं आचारा येईल, नाव ऐकूनच कळलं असेल की हा शब्द आपल्या अचाराचाच भाऊबंद, मलयमार्गे इथवर पोचलेला. केचप मागितलं तर केळ्याचं येऊ शकतं, ते मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नशास्त्रज्ञ बाईंनी टोमॅटोला पर्याय म्हणून तयार केलं, या बाई 1945 मध्ये मनिलाच्या लढाईत गेल्या. अंड्याबरोबर ते केचप छान लागतं, पण तापाबरोबर सुकाच.

खायचं कसं? चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, सुरी शक्यतो येतच नाही, चमच्याच्या कडेनेच मटण तुटतं. बलक आधी भातावर फोडा, मग प्रत्येक चमच्यात थोडा भात, थोडं मटण, ते सुक्यात बुडवून, आणि दोन-तीन घासांनी आचारा. वेगवेगळं संपवत गेलात तर मजा येणार नाही, एकत्रच घ्या.

पाऊस पडत असेल तर आरोस काल्दो मागवा, आल्याचा चिकन घातलेला मऊ भात, वर तळलेला लसूण, कालामान्सी पिळायची, आजारी माणसाला आपण मऊ भात देतो तसाच इथेही देतात. आणि चांपोरादो एकदा तरी खाच. चिकट तांदळाची कोकोवाली गोड खीर, मेक्सिकोतून आलेली कल्पना, तिथल्या अकापुल्को बंदरातून मनिलाला जहाजं 1565 ते 1815 चालली त्या काळातली. तिच्याबरोबर तुयो देतात, म्हणजे खारवलेली सुकी मासळी. ऐकायला कसंतरी वाटतं ना, पण पेजेबरोबर सुकट भाजून खाणाऱ्यांना खारट-मऊ ही जोडी नवी नाही, इथे फक्त पेज गोड आहे.

शाकाहारी मंडळींनो, नीट ऐका, कारण इथे भाजी म्हटलं तरी त्यात पोर्कचे तुकडे किंवा पातिस म्हणजे माशाचं पाणी असू शकतं. माझी आई आली होती, तिला अंडं चालतं, मटण-मासे नाही, तर आम्ही तोर्तांग तालोंग मागवायचो, भाजलेलं वांगं अंड्यात बुडवून परतलेलं, आणि वेटरला दर वेळी स्पष्ट सांगायचो, वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, म्हणजे मटण नको, मासा नको, पातिस नको. भात कशात परतलाय तेही विचारा. पानदेसाल पावाबरोबर केसोंग पुती हे पांढरं चीज आणि रस्त्यावरचं ताहो, म्हणजे मऊ टोफूवर गुळासारखा पाक आणि साबुदाणा, हे दोन्ही तिला फार आवडलं. अंडंही नको असेल तर नाश्त्याला ताहो आणि फळं हाच भरवशाचा पर्याय.

नव्या हॉटेलांत जांभळे उबे पॅनकेक दिसतील, उबे म्हणजे आपलं कोनफळ, फोटो छान येतात पण दोघांत एकच घ्या, पोट भातासाठी ठेवा. कॉफीत कापेंग बाराको मागा, बातांगासची लिबेरिका जातीची, कडक असते, रिकाम्या पोटी पिऊ नका.

हाक मारायची तर बाईला 'आते', पुरुषाला 'कुया'. आते ऐकायला आत्यासारखं वाटतं पण अर्थ ताई, कुया म्हणजे दादा, आणि वाक्याच्या शेवटी 'पो' लावला की आदर झाला. बिल हवं असेल तर 'बिल आउट पो' म्हणा नाहीतर हवेत बोटांनी चौकोन काढा, लगेच समजतं. बिलात सर्व्हिस चार्ज आहे का ते बघा, असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही, आणि उरलेलं पॅक करून मागायला लाजू नका, इथे सगळेच नेतात.