सौताड्याच्या धबधब्याचे पहाटे छायाचित्रण कसे करावे

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावरून वाहत आलेली विंचरणा नदी सौताडा गावाजवळ एकाएकी खोल दरीत कोसळते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर असल्यामुळे श्रावणी सोमवारी तेथे मोठी गर्दी होते आणि पावसाळ्यातील रविवारही मोकळे नसतात. मात्र आडवारी पहाटे गेल्यास पाण्याच्या आवाजाखेरीज सोबतीला फारसे कोणी नसते.

प्रथम दिवस नीट निवडावा. मराठवाडा पर्जन्यछायेत येत असल्याने येथील धबधब्यांचा हंगाम थोडा असतो, आणि जुलैपेक्षा सप्टेंबरात पाणी मिळण्याची खात्री अधिक असते. जोरदार पावसाच्या दुसऱ्याच दिवशी पाणी चहासारखे गढूळ असते; दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की ते निवळते, तरी धार पुरेशी राहते. हवामानाचा अंदाज पाहताना केवळ सौताड्याचा नव्हे, तर नदी ज्या बाजूने येते त्या पठाराचाही पाहावा.

सामान मोजकेच घ्यावे: कॅमेरा, रुंद कोनाची लेन्स, ट्रायपॉड, पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढे लावायची, चमक कमी करणारी काच), दोन-तीन कोरडी सुती फडकी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि घट्ट पकडीचे बूट. घोणस आणि फुरसे हे विषारी साप आपल्या भागात आढळतात, म्हणून चपला घालून गवतातून जाऊ नये आणि न पाहता कपारीत हात घालू नये. एकटे जाणे टाळावे व निघताना घरी परतीची वेळ सांगून ठेवावी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतल्यास सकाळची चिंता मिटते.

सप्टेंबरात सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो. साडेपाचला दरीच्या काठावर पोहोचावे, पण फटफटल्याखेरीज खाली उतरू नये, कारण ओल्या पायऱ्यांवरचे शेवाळ बॅटरीच्या उजेडात नीट दिसत नाही.

अनेकांचा समज असा असतो की पहाटे जायचे ते सोनेरी उन्हासाठी. धबधब्याच्या बाबतीत हे उलट आहे. ऊन पडताच पांढरे पाणी इतके चमकते की त्यातील तपशील नाहीसा होतो आणि शेजारचा काळा कातळ आणखी काळा पडतो. दरी खोल असल्याने सूर्य उगवल्यानंतरही काही काळ तळाशी सावली राहते, आणि त्या मऊ, सम प्रकाशासाठीच एवढ्या लवकर उठायचे असते.

ट्रायपॉड घट्ट खडकावर रोवल्यावर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि अपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ ८ ते एफ ११ ठेवावे. पाण्याची धार रेशमासारखी हवी असेल तर शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवावे. थेंब गोठवायचे असतील तर १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो. माझ्या मते फार लांब एक्स्पोजर टाळावे, कारण त्यात पाण्याचा जोरच हरवतो आणि धबधबा कापसासारखा दिसू लागतो. बेसाल्टचा काळा कातळ चौकटीत जास्त असला की कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि चित्र गरजेपेक्षा उजळ घेते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप कमी करून (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) पांढऱ्या पाण्याचा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, तपासावा. पोलरायझर फिरवल्यास ओल्या दगडांवरची व पानांवरची चमक जाऊन खरा रंग दिसतो. तो प्रकाशही कमी करतो, त्यामुळे शटर आपोआप लांबवता येते. तुषार उडत असल्याने दर दोन-तीन चित्रांनंतर लेन्स पुसावी, नाहीतर घरी गेल्यावर सगळ्या चित्रांवर डाग सापडतात.

नजर कॅमेऱ्यात असली तरी कान पाण्याकडे ठेवावेत. आवाज वाढला, निवळ पाणी अचानक गढूळ झाले किंवा काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे असे समजावे आणि सामानाचा मोह न धरता ताबडतोब उंच जागी जावे. धबधब्याखालच्या डोहात उतरू नये. मंदिराच्या आवारात पादत्राणे बाहेर काढावीत आणि पूजा चालू असेल तर विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये.

ऊन धारेच्या माथ्यावर उतरू लागले की मुख्य काम संपले. तरी ट्रायपॉड लगेच मिटू नये. सूर्य पाठीशी घेऊन तुषारांकडे पाहिल्यास कधी कधी इंद्रधनुष्य सापडते. अशा वेळी पोलरायझर सावकाश फिरवून पाहावा, कारण त्याच्या एका कोनात इंद्रधनुष्य गडद होते आणि दुसऱ्या कोनात पूर्णपणे पुसले जाते.