मोबाइलशिवाय ज्या (साइन) काढण्याचे सूत्र
जळगावचे अक्षांश सुमारे २१ अंश असल्याने शेतातल्या स्थिर सौर पॅनेलला साधारण तेवढाच उतार देतात, आणि मग २ मीटर लांबीच्या पॅनेलची वरची कड खालच्या कडेपेक्षा किती उंच धरायची हे ठरवण्यासाठी २१ अंशांची ज्या, म्हणजे साइन, लागते. बांधावर कोष्टक नसेल तर कोन १८० मधून वजा करून त्या वजाबाकीला कोनानेच गुणावे. या गुणाकाराच्या चौपटीला, तोच गुणाकार ४०,५०० मधून वजा करून उरलेल्या संख्येने भागावे. येथे २१ गुणिले १५९ म्हणजे ३,३३९, म्हणून १३,३५६ भागिले ३७,१६१ म्हणजे ०.३५९४ येते, खरे मूल्य ०.३५८४ आहे. ०.३५९४ ला २ मीटरने गुणल्यावर उंची ७१.९ सेंटिमीटर ठरते आणि चूक जेमतेम २ मिलिमीटरची राहते, जी लोखंडी स्टँडच्या जोडकामात सहज सामावते.

हे सूत्र सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचे आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे खानदेशाला आपले वाटणारे बाराव्या शतकातील भास्कराचार्य वेगळे, मात्र त्यांच्या ‘लीलावती’तही वर्तुळाच्या जीवेसाठी याच घडणीचा नियम आहे. ० ते १८० अंशांत चूक कुठेही ०.००१७ च्या पुढे जात नाही आणि ३०, ९० व १५० अंशांना उत्तर अगदी अचूक मिळते.

कोन १० अंशांहून लहान असेल, उदाहरणार्थ पाटाचा उतार मोजताना, तर हे सूत्र वापरू नये. तेथे कोनाला ५७.३ ने भागणे अधिक सोपे आणि अधिक अचूकही आहे.