प्रयोगातलं रील प्रेक्षकाला काढायला कसं सांगायचं: नाट्यप्रसिद्धीत नव्याने येणाऱ्यांसाठी

नाटकाच्या डिजिटल प्रसिद्धीचं काम घेतलंत की पोस्टर, जाहिरात, तिकीटविक्रीची लिंक हे सगळं कुणी ना कुणी शिकवतं. एक काम मात्र अंगावर पडल्यावरच शिकावं लागतं. शिवाजी मंदिरला किंवा बालगंधर्वला रात्रीचा प्रयोग होतो आणि सकाळी नाटकाचं नाव शोधलं की दुसऱ्या अंकातला नेमका कळीचा प्रसंग कुणाच्या तरी रीलवर सापडतो. चित्र हलतं, पुढच्या रांगेतलं डोकं मध्ये आलेलं. खाली मजकूर: 'काय काम केलंय! चुकवू नका.' हे काढायला सांगायची जबाबदारी तुमची.

मी बरीच वर्षं हे काम करते आहे आणि माझं ठाम मत असं की हा माणूस आधी प्रेक्षक आहे. त्याने तिकीट काढलं, तो दोन-अडीच तास बसला, त्याला नाटक आवडलं. मराठी नाटक अजूनही तोंडी प्रसिद्धीवर चालतं आणि ती करणारा हाच. पहिल्याच मेसेजमध्ये त्याला 'चोर' ठरवलंत तर रील कदाचित जाईल, पण तो माणूस पुढच्या नाटकाला येणार नाही.

तरीही सांगायचं, आणि न संकोचता सांगायचं. रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज आणि हावभाव लावतो. तेच मोबाईलवर जवळून पाहिलं की भडक वाटतं. प्रकाशयोजना पांढरी पडते. रहस्य असेल तर फुटतं. शिवाय अंधारात उजळलेला मोबाईलचा स्क्रीन नटाला वरून स्पष्ट दिसतो. 2019 मध्ये सुबोध भावे, सुमीत राघवन यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. चित्रण हा त्याच त्रासाचा पुढचा टप्पा आहे. कायदाही नटाच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 38-अ सांगतं की आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करू द्यायचं की नाही, हा हक्क कलाकाराचा. संहितेवर लेखकाचा हक्क असतो तो वेगळाच.

मेसेज करण्याआधी लिंक, खात्याचं नाव, तारीख, स्क्रीनशॉट नोंदवून ठेवा. मग आपल्याच माणसांना विचारा: ही क्लिप आपणच पत्रकारांना दिली होती का? पडदा पडल्यानंतरच्या अभिवादनाची आहे का? बऱ्याच संस्था अभिवादनाच्या वेळी फोटो काढायला परवानगी देतात. परवानगी दिलेली गोष्ट काढायला सांगितली की पुढे तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. आणि नाटक आवडलं नाही असं कुणी लिहिलं असेल तर ते काढायला सांगणं आपलं काम नाही, निर्माते कितीही चिडले तरी. समीक्षेला कायद्यातही मोकळीक आहे. समीक्षेत प्रयोगाची छोटी क्लिप वापरली असेल तर स्वतः निर्णय न घेता वकिलांना दाखवा.

कमेंटमध्ये कधीही झापायचं नाही. तिथे फक्त 'तुम्हाला मेसेज केला आहे, कृपया पाहाल का?' एवढंच, कारण अनोळखी खात्याचा मेसेज रिक्वेस्टमध्ये पडून राहतो. मेसेज नाटकाच्या अधिकृत खात्यावरून आणि खाली तुमचं नाव लिहून. माझा साधारण असा असतो:

'नमस्कार. काल तुम्ही प्रयोगाला आलात आणि इतक्या आपुलकीने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या रीलमध्ये दुसऱ्या अंकातला प्रसंग आला आहे. प्रयोगाच्या चित्रणाला संस्थेची आणि कलाकारांची परवानगी नसते, आणि पुढच्या प्रेक्षकांना तो प्रसंग आधीच कळतो. कृपया तेवढं रील काढाल का? तुमचं लिखाण जरूर राहू द्या. सोबत आमचे अधिकृत फोटो पाठवते, ते वापरू शकता.'

यात 'कारवाई' हा शब्द नाही, तो मुद्दाम. कलम 63 मध्ये तुरुंगवासाची तरतूद आहे हे खरं, पण ती पहिल्या मेसेजमध्ये आणली की माणूस घाबरतो किंवा भांडायला उठतो. 'सगळं काढा' असंही म्हणू नका. कुठली क्लिप ते नेमकं सांगा. फोटो सोबत पाठवाच. लोकांना आपण नाटक पाहिलं हे सांगायचं असतं, त्यासाठी काहीतरी हातात द्यायला हवं.

एक-दोन दिवस थांबून दुसरा मेसेज. बहुतेक जण तोपर्यंत काढतात, काही तर माफीही मागतात. त्यांना लगेच धन्यवाद लिहा. फॅन पेज चालवणाऱ्यांशी तर ओळख ठेवाच. एकदा पटलं की तेच इतरांना 'अंकातलं टाकू नका' म्हणून सांगतात. अमेरिकेच्या दौऱ्यात याचा फार उपयोग होतो, तिथे प्रयोग संपतो तेव्हा आपल्याकडे सकाळ झालेली असते. खातं शाळकरी मुलाचं वाटलं तर पालकांमार्फत बोला. आणि कुणाचाही स्क्रीनशॉट अधिकृत खात्यावर टाकून त्याला लोकांच्या तोंडी देऊ नका.

अख्खा प्रयोग टाकणारं, त्यावर पैसे कमावणारं चॅनेल ही निराळी गोष्ट. तिथे आर्जवाची गरज नाही, पण तक्रार हक्कधारकाच्या किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या नावानेच जायला हवी. यूट्यूबवर तक्रार करताना सात दिवसांची मुदत देण्याचा पर्याय असतो. तेवढ्यात व्हिडिओ काढला तर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा चॅनेलवरचा ठपका, लागत नाही. चाहता असेल तर मी हाच निवडते, कारण 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर यूट्यूबसारख्या मंचाने 36 तासांत पाऊल उचलायचं असतं, पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो मजकूर परत दिसू शकतो. म्हणून तक्रार केली त्याच दिवशी निर्मात्यांना ही मुदत लेखी कळवा आणि नोंदवून ठेवलेली लिंक, स्क्रीनशॉट वकिलांकडे पाठवा.